नगरला पाहण्यासारखे काय आहे?

मे महिन्याची सुट्टी लागली की नगरकरांच्या घरी पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. मुंबईचे मेहुणे, नाशिकची आत्या, पुण्याची मावशी अशी मंडळी मुलाबाळांसह उतरतात. रात्री जेवणे आटोपली, गच्चीवर गाद्या पडल्या, की त्यांच्यातले कोणीतरी विचारते, ‘‘उद्या कुठे जायचे? तुमच्या नगरला पाहण्यासारखे काय आहे?’’ यजमानांचे उत्तर ठरलेले असते. ‘‘नगरला काय आहे? पहाटे निघू, शिर्डी करू, येताना शनिशिंगणापूर. वेळ उरला तर देवगड.’’ पाहुणे समाधानाने झोपतात. दुसऱ्या दिवशी गाडी भरून शहराबाहेर पडते, रात्री परतते, आणि तिसऱ्या दिवशी मंडळी आपापल्या गावी जातात. चार दिवस नगरला राहूनही त्यांनी नगर पाहिलेले नसते. खरे सांगायचे तर यजमानांनीही ते कधी पाहिलेले नसते!

शिर्डी-शिंगणापूरला जाऊ नये असे कोण म्हणेल? श्रद्धा आपल्या जागी आहे. पण ‘नगरला काय आहे?’ हा प्रश्न नगरकराच्याच तोंडून निघतो तेव्हा आश्चर्य वाटते. ज्या शहरातून शंभरावर वर्षे एका राज्याचा कारभार चालला, ज्याच्या किल्ल्यासमोर मोगल शहजाद्याला महिनोन्‌महिने तळ ठोकून बसावे लागले, ज्याच्या वेशीजवळ औरंगजेब बादशहाने शेवटचा श्वास घेतला, ते शहर आज शिर्डीच्या वाटेवर चहा प्यायला थांबण्याचे ठिकाण झाले आहे. आता तेवढेही थांबायची गरज उरलेली नाही. बाह्यवळण रस्ता आहे, आणि २०२२ पासून शहराच्या मधोमध उड्डाणपूलही आहे. गाड्या नगरच्या डोक्यावरून निघून जातात.

जरा दूरचे एक उदाहरण देतो. वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर १९७१ सालचा गावसकर उभा राहतो. त्याच कॅरिबियन समुद्रात हिस्पॅनिओला नावाचे बेट आहे. तिथल्या लोकांना क्रिकेटचे फारसे कौतुक नाही, ते बेसबॉलवर जीव टाकतात. या बेटाच्या पूर्वेकडच्या भागात डोमिनिकन प्रजासत्ताक हा देश आहे आणि सांतो दोमिंगो ही त्याची राजधानी. कोलंबस १४९२ मध्ये या बेटांवर पोहोचला आणि त्याचा भाऊ बार्थोलोम्यू याने १४९६ च्या सुमारास ओझामा नदीच्या काठी हे शहर वसवले. आता आपले नगर पाहा. मलिक अहमदने बहामनी फौजेला भिंगारजवळ धूळ चारली ती २८ मे १४९० रोजी, आणि सीना नदीच्या काठी त्याच परिसरात १४९४ मध्ये आपल्या राजधानीचा पाया घातला. म्हणजे ही दोन शहरे वयाने पाठच्या बहिणीच म्हणायला हव्यात. दोघी नदीकाठच्या. दोघींकडे किल्ला, दोघींकडे राजवाडे, दोघींवर परक्यांचे हल्ले. नगरचा फराहबाग महाल पुरा झाला १५८३ मध्ये आणि तिकडे फ्रान्सिस ड्रेकने सांतो दोमिंगो लुटले १५८६ मध्ये.

पुढे मात्र दोघींचे नशीब वेगळे झाले. सांतो दोमिंगोचा जुना भाग १९९० मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतला. कोलंबसाच्या मुलाचा वाडा दुरुस्त करून त्यात संग्रहालय केले आहे. १५४१ मध्ये पवित्र केलेले कॅथीड्रल आहे, ओझामा नदीवर नजर ठेवणारा दगडी बुरूज आहे, पडक्या इस्पितळाच्या भिंती आहेत. त्या भिंती पडक्याच ठेवल्या आहेत, पण भोवताली झाडलोट आहे आणि हे काय आहे ते सांगणारी पाटी आहे. जगभरचे लोक ते पाहायला विमानाने जातात. नगरकराला ताजमहाल माहीत असतो, आयफेल टॉवर माहीत असतो, पण घरापासून दीड-दोन किलोमीटरवरची दमडी मशीद माहीत नसते.

मूळ शहर कसे होते, याचा थोडा अंदाज घेतला पाहिजे. पायाभरणीनंतर दोन-तीन वर्षांतच नव्या राजधानीची तुलना लोक बगदाद-कैरोशी करू लागले, असे जुन्या ग्रंथांत म्हटले आहे. त्यात दरबारी अतिशयोक्ती असेलही. पण पाण्याची व्यवस्था पाहिली की ती अगदीच पोकळ नसावी असे वाटते. नगर हा अवर्षणाचा मुलूख. अशा ठिकाणी राजधानी वसवायची म्हणजे आधी पाणी आणले पाहिजे. निजामशाहीने कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा भोवतालच्या गावांतून जमिनीखालून खापरी नळ घातले आणि उताराच्या बळावर पाणी शहरात आणले. ना पंप, ना वीज. त्या पाण्यावर बागा फुलल्या, हौद भरले, महालांभोवती तळी झाली. आज आठवड्यातून किती वेळा नळ येतो यावर ज्या गल्लीत भांडणे होतात, त्याच गल्लीखाली कुठेतरी चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचा नळ बुजून पडलेला असतो.

आणि मोहल्ल्यांची नावे! सर्जेपुरा, तोफखाना, झेंडीगेट, दिल्लीगेट, कोटला. ही नावे आपण रिक्षावाल्याला दिवसातून दहादा सांगतो. सर्जेपुऱ्यामागे सर्जेखान नावाचा सरदार उभा आहे, हे कितीजणांच्या मनात येते? कोटल्याची इमारत बुऱ्हाण निजामशहाच्या काळातली, १५३६-३७ च्या सुमाराची. ते मोठे विद्यापीठच होते म्हणा ना. मोहरमच्या दिवसांत आजही कोटल्यात गर्दी होते आणि नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरांतल्या बायाबापड्याही असतात. दिल्लीगेटची वेस अजून उभी आहे. तिच्या कमानीखालून जाताना मान वर करून पाहणारा एखादाच.

सगळ्यात आधी पाहावा तो भुईकोट किल्ला. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या मराठी माणसाला तो पहिल्या नजरेत फारसा रुचत नाही. ना कडा, ना चढण. पण खंदकाच्या काठाने एक फेरी मारली की मत बदलते. जवळपास गोलाकार तट, अंतराअंतरावर फुगलेले बुरूज, भोवताली रुंद खंदक. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात जुन्या मातीच्या कोटाच्या जागी हा दगडी किल्ला बांधला. ज्याला डोंगराचा आधार नाही त्याने नुसत्या भिंतीच्या आणि पाण्याच्या जोरावर कसे उभे राहावे, याचा हा नमुना आहे.

त्याची कसोटी लागली १५९५ च्या अखेरीस. अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला. आत गादीवरून भांडणे चाललेली. अशा वेळी हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबिबी हिने किल्ल्याची सूत्रे हाती घेतली. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. आतल्यांनी काही शोधून निकामी केले, एक मात्र उडाला आणि तटाला भलेमोठे खिंडार पडले. लोक पळू लागले तेव्हा चेहऱ्यावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन चांदबिबी त्या खिंडारात उभी राहिली. दिवसभर झुंज झाली आणि रात्रीतून तिने पडलेली भिंत पुन्हा उभी करून घेतली. सकाळी मोगलांनी पाहिले तर खिंडार बुजलेले! शेवटी १५९६ मध्ये वऱ्हाड घेऊन मुरादला तहावर समाधान मानावे लागले. चार वर्षांनी मोगल परत आले तेव्हा चांदबिबी वाटाघाटी करून किल्ल्यातल्या माणसांचे प्राण वाचवू पाहत होती. ती फितूर झाल्याची आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केले. १६०० मध्ये किल्ला पडला. कुठे एवढी शूर बाई आणि कुठे हा शेवट! शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळींत हे सारे मावत नाही. त्या तटासमोर उभे राहून मुलांना सांगितले तर आयुष्यभर लक्षात राहते.

पुढे याच किल्ल्यावर १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या शिबंदीकडून ताबा मिळवला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने नेपोलियनला हरवले. आणि ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईहून एक खास रेल्वेगाडी निघाली. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि गाडी उरलेल्या पुढाऱ्यांना घेऊन नगरला आली. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी काँग्रेस कार्यकारिणीतली बारा माणसे या तटाआड डांबली गेली. नेहरूंनी इथे बागकामाला सुरुवात केली. माती खडकाळ, जुन्या पडझडीच्या राबिटाने भरलेली. खणता खणता जुन्या भिंतींचे अवशेष लागत, आणि त्यातून त्यांना चांदबिबी आठवे. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी सुमारे हजार पाने हाताने लिहिली. तोच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. शेजारच्या खोलीत मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःचा चहा करीत आणि मित्राला कधीच पाठवता न येणारी पत्रे लिहीत. ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दूतल्या नामांकित पुस्तकात ती आहेत. त्यात चहावर आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवर आहे, आणि कलकत्त्याला वारलेल्या पत्नीवरही आहे. तिच्या निधनाची तार त्यांना या किल्ल्यातच मिळाली. दोन भाषांतली दोन थोर पुस्तके एकाच बराकीत लिहिली गेली, असे तुरुंग जगात किती असतील?

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आत जायचे तर ओळखपत्र दाखवावे लागते, नोंद करावी लागते, सगळीकडे फिरता येत नाही. याबद्दल नगरकर कुरकुरतात. त्यांची तक्रार अगदीच चुकीची नाही. पण मला नेहमी वाटते की लष्कर नसते तर त्या खंदकात केव्हाच भर पडून दुकानांचे गाळे उभे राहिले असते. शहराची तटबंदी आमच्याच ताब्यात होती. तिचे काय केले आम्ही? तिचे दगड कुठल्या जोत्यात गेले ते विचारू नये. लष्कराने शिस्तीसाठी का होईना, किल्ला राखला. आता त्याने दार थोडे अधिक उघडावे आणि नागरिकांनी त्या दारातून नीट वागत जावे, एवढी तडजोड दोघांच्याही फायद्याची आहे.

नगरचे एक विचित्र दुर्दैव आहे. त्याच्या घरच्या वस्तू परगावी नांदतात. विजापूरला जाणारा प्रत्येक प्रवासी बुरुजावरची ‘मुलुखमैदान’ तोफ पाहून थक्क होतो. सिंहाच्या जबड्यासारखे तोंड असलेली ती अवाढव्य तोफ १५४९ मध्ये ओतली गेली ती नगरला, रूमीखान नावाच्या कारागिराच्या हातून. दख्खनी चित्रकलेचा अगदी सुरुवातीचा नमुना मानले जाणारे ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखितही नगरच्याच दरबारातले, १५६५ नंतरच्या चार-पाच वर्षांतले. त्यात हुसेन निजामशहा आणि त्याची राणी खुंजा हुमायून यांची चित्रे होती. ती चांदबिबीची आई. पुढे राणीची आकृती बहुतेक चित्रांतून पुसून टाकण्यात आली! ते हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ३ मार्च १७०७ रोजी भिंगारला औरंगजेब मरण पावला, त्याची कबर मात्र खुलताबादला. या वस्तू परत आणा असे कोणी म्हणणार नाही. पण ‘ही तोफ इथे ओतली गेली’ असे सांगणारी एक ठळक पाटी गावात लावायला काय हरकत आहे?

किल्ल्याच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर दमडी मशीद आहे. आकाराने लहान, एखाद्या मोठ्या वाड्याच्या देवघराएवढी म्हणावी. १५६७-६८ च्या सुमारास साहिरखानाने ती बांधली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दर दिवसाच्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला टाकली आणि त्या पैशांतून मशीद उभी राहिली, असे लोक सांगतात. खरे-खोटे असो, पण दगडावरची नक्षी पाहिली की गोष्ट खरी असावीशी वाटते. इतके बारीक काम मालकाच्या धाकाने होत नाही. वेली, जाळ्या, कमळे, अक्षरे, सारे काही त्या कातळातून लोण्यातून काढल्यासारखे काढले आहे. दिल्लीगेटबाहेर सीनेच्या बाजूला बागरोझा आहे, तिथे शहराचा संस्थापक अहमद निजामशहा निजला आहे. बाहेर एका हत्तीचेही थडगे दाखवतात. तालिकोटच्या लढाईत रामरायाला पकडणारा गुलामअली हत्ती तो हाच, असे म्हणतात. मुलांना राजापेक्षा हा हत्तीच जास्त आवडतो.

फराहबाग मात्र पाहताना जीव हळहळतो. चहूबाजूंनी पाणी, मधोमध अष्टकोनी महाल, असे त्याचे मूळ रूप. चंगीझखानाने सुरू केलेले काम मुर्तझा निजामशहाला पसंत पडले नाही, म्हणून पाडून पुन्हा बांधले आणि सलाबतखानाने ते १५८३ मध्ये पुरे केले. आज तळे कोरडे आहे. उंच कमानींतून वारा खेळतो, भिंतींना भेगा आहेत, आणि कोणी कोणावर प्रेम करतो याच्या कोरीव नोंदी प्रत्येक खांबावर आहेत. नगरच्या बहुतेक वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहेत. निळी पाटी आहे. दंडाचा आकडा आहे. पण ही इमारत काय आहे आणि कोणाची आहे, हे आठवीतल्या मुलाला कळेल अशा मराठीत सांगणारे तिथे कोणी नाही.

याच सलाबतखानाची कबर शहापासून तेरा-चौदा किलोमीटरवर डोंगरावर आहे. तीन मजली, अष्टकोनी, लांबून दिसणारी. पण रिक्षावाल्याला ‘सलाबतखानाची कबर’ विचारा, तो बुचकळ्यात पडेल. ‘चांदबिबी महाल’ म्हणा, लगेच मीटर खाली पाडेल. लोकांनी आपल्या मनाने ती इमारत चांदबिबीच्या नावे करून टाकली आहे. इतिहासाचे प्राध्यापक यावर रागावतात. मला त्या चुकीमागे एक न्याय दिसतो. जिची स्वतःची कबर नगरला नाही, तिला नगरकरांनी गावातला सगळ्यात उंच महाल देऊन टाकला. तरी बिचाऱ्या सलाबतखानाची आठवण ठेवली पाहिजे. फराहबाग त्याने पुरा केला, भातोडीचा तलाव त्याच्याकडे जातो. त्याच भातोडीला १६२४ मध्ये मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांना एकदम लोळवले.

मलिक अंबरचे नाव निघाले की मला पुन्हा तो कॅरिबियन समुद्र आठवतो. त्या शतकांत आफ्रिकेतून माणसे बांधून पश्चिमेकडे नेली जात होती. सांतो दोमिंगोची उसाची शेते त्यांच्या घामावर पिकली. तशीच आफ्रिकन माणसे गुलाम म्हणून पूर्वेकडे अरबस्तानातून दख्खनेतही विकली जात होती. हबसाणातला एक मुलगा असाच विकला जात जात नगरच्या दरबारी आला आणि शेवटी अख्ख्या निजामशाहीचा कारभारी झाला. तोच मलिक अंबर. भातोडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. या दोघा भावांची नावे नगरजवळच्या शहा शरीफ या पिराच्या नावावरून ठेवलेली. मालोजीराजांच्या पोटी मूल नव्हते, त्यांनी पिराला नवस केला, अशी कथा बखरींत आहे. दर्गादायऱ्याला तो दर्गा आजही आहे. ज्या निजामशाहीचा संस्थापक मूळच्या पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला, जिचा तारणहार हबशी आणि जिच्या चाकरीत शिवछत्रपतींचे वडील व आजोबा घडले, ती ‘त्यांची’ की ‘आपली’ हा प्रश्न नगरमध्ये तरी पडू नये.

पण तो पडतो, आणि नावाच्या निमित्ताने अधिक पडतो. २०२४ पासून शहराचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. याच जिल्ह्यातल्या चौंडीला ३१ मे १७२५ रोजी अहिल्यादेवींचा जन्म झाला, आणि तिचे नाव लागणे ही कोणत्याही शहराला भूषणाची गोष्ट आहे. गंमत अशी की दोन्ही नावांत ‘नगर’ तेवढे सामायिक आहे. एसटीचा कंडक्टर पूर्वीही ‘नगर, नगर’ ओरडायचा, आताही तेच ओरडतो. काहींना मात्र वाटते की नाव बदलले म्हणजे जुन्या इमारतींची जबाबदारी संपली. अहिल्यादेवींनी आयुष्यभर काय केले ते एकदा आठवावे. काशीपासून रामेश्वरापर्यंत पडक्या देवळांचे जीर्णोद्धार केले, घाट बांधले, विहिरी खणल्या, वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाच्या गावात जुना दगड ढासळू द्यावा आणि वाटसरूला बसायला सावली असू नये, हे त्या बाईला रुचले असते का?

आणखी पुष्कळ आहे, सगळे सांगत बसलो तर पुरवणी पुरायची नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथे ठाण मांडले. सिंथिया फरारबाईंच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे गिरवले ते नगरलाच. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तल्या कितीतरी प्रसंगांची घरे-अंगणे या गावातली. इंग्रजांना पोट धरून हसवणारा स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये इथल्याच छावणीत जन्मला. माळीवाड्याचा पुरुषभर उंचीहून मोठा विशाल गणपती तर आहेच. अरणगावच्या मेहेराबादला अमेरिका-युरोपातून माणसे येऊन महिनाभर राहतात, त्यांना नगरच्या गल्ल्या पुणेकरांपेक्षा चांगल्या ठाऊक असतात. आणि घरात दहा वर्षांचा मुलगा असेल तर लष्कराचे रणगाडा संग्रहालय चुकवू नका. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशीचे सुमारे पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या आहेत. पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटनही आहे. तिथून मुलाला बाहेर काढणे हेच काम होऊन बसते.

मग अडते कुठे? पैसा नाही, हे नेहमीचे उत्तर. यावर सांतो दोमिंगोच्या शेजारच्या हवानाने काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. १९९३ मध्ये, सोव्हिएत मदत आटल्यावर क्यूबा कंगाल झाला असताना, तिथल्या ‘शहर-इतिहासकारा’च्या कार्यालयाला सरकारने एक अधिकार दिला. जुन्या शहरातली हॉटेले आणि उपाहारगृहे त्याने चालवावीत आणि त्यातला नफा तिथल्याच पडक्या वाड्यांवर खर्च करावा. या कार्यालयाचे प्रमुख एउसेबिओ लेआल हे चौक-चौक सावरत गेले. तिथेही सगळे गोड नाही, चकचकीत चौकाच्या मागच्या गल्लीत आजही घरे कोसळतात. पण मूळ कल्पना साधी आहे. जुन्या शहराने मिळवलेला पैसा जुन्या शहरातच राहावा. शिर्डीला जाणाऱ्या हजारो गाड्यांपैकी थोड्या जरी नगरला अर्धा दिवस थांबल्या, तर रिक्षावाला, खाणावळवाला, कापड बाजारातला दुकानदार या सगळ्यांना चार पैसे मिळतील. आणि ज्याला चार पैसे मिळतात तो दमडी मशिदीच्या भिंतीवर चुना फासू देत नाही.

सुरुवात त्याहूनही स्वस्तात होईल. रविवारी सकाळी माळीवाड्याच्या बसस्थानकावरून एक एसटी सुटावी. किल्ला, दमडी मशीद, फराहबाग, रणगाडे, बागरोझा करून संध्याकाळी डोंगरावर न्यावे. महाविद्यालयातली इतिहासाची मुले-मुली वाटाड्या म्हणून सोबत असावीत, त्यांना दिवसाचा भत्ता द्यावा. नगरपालिकेच्या काळापासून महापालिकेपर्यंत पर्यटनाचे आराखडे पुष्कळ झाले, फायलींवर धूळही पुष्कळ बसली. एसटी सोडायला आराखडा लागत नाही. आणि शाळांच्या सहली? नगरच्या शाळा सहल काढतात ती महाबळेश्वर-प्रतापगडाची. पाचवीची एक सहल नगरचीच काढावी, डबा घेऊन, पायी. पालकांची मान्यता मिळणे अवघड जाईल, हे खरे. ‘‘गावातच फिरवायचे तर पैसे कशाला?’’ असे ते विचारतील.

तोवर वाचकांनी आपल्यापुरते करावे. या सुट्टीत पाहुणे येतील, गच्चीवर तो प्रश्न विचारतील. शिर्डी सोडू नका, पण एक दिवस नगरचा ठेवा. संध्याकाळी पाच वाजता चांदबिबी महालाचा घाट चढा. वाऱ्याला जोर असतो, लहान मुलांना टोपी घाला आणि पाणी खालूनच न्या, वर मिळेल याचा भरवसा धरू नका. वरच्या मजल्यावरच्या कमानीत बसले की सारा मुलूख उघडा पडतो. खाली तळ्यांचे तुकडे, छावणीची झाडी, झाडीत लपलेला किल्ला, त्यापलीकडे शहराची दाटी. दिवे लागायला लागले की पाथर्डीच्या रस्त्यावरून गाड्यांची रांग शहराकडे सरकताना दिसते. मुलांना त्यातली एसटी ओळखायला सांगा. पाहुण्यांपैकी कोणीतरी तेवढ्यात विचारेलच, ‘‘तो गोल काळा पट्टा दिसतो तो काय?’’ तिथून गोष्ट सुरू करता येते.